थर्ड शिफ्ट सांभाळून सायकलवर पहिली २०० किलोमीटरची बीआरएम: तिघांनी एकत्र करावी की आपापली?

सिडकोवाला_व्हीएमसी

नमस्कार मंडळी. मी पवननगरला राहतो, वय २५. अंबडला एका कंपनीत व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर आहे. सातपूर आयटीआयमधून मशिनिस्ट केलं, अप्रेंटिसशिप केली, मग काही वर्षं कॉन्ट्रॅक्टवर काढली आणि यंदा पावसाळ्याच्या तोंडावर पर्मनंटचं पत्र हातात पडलं. त्या दिवशी मम्मीने देवापुढे पेढे ठेवले आणि पप्पांनी पत्र दोनदा वाचून घडी करून कपाटात ठेवलं. पुढच्या पगारात मी सायकल घेतली. हायब्रीड आहे, ३२ चे टायर, ३० हजारांच्या आतली.

सायकलीचं वेड जुनं आहे. आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये जोडीने रेस अॅक्रॉस अमेरिका पूर्ण केली, तेव्हा मी शाळेत होतो. अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सायकल, जवळजवळ ४८०० किलोमीटर, आणि हे करणारे पहिले भारतीय आपल्या गावचे. पेपरातला तो फोटो मी वहीत चिकटवला होता. पण तेव्हा घरात एकच सायकल होती, पप्पांची २४ इंची काळी, आणि ती रोज त्यांच्याबरोबर अंबडला जायची. पप्पा फिटर होते. त्यांनी सायकल गरजेपोटी चालवली. आता पोरगा हौसेसाठी एवढे पैसे घालतो हे त्यांना सुरुवातीला पटलं नव्हतं. आता मात्र रविवारी सकाळी माझ्या आधी उठून चेन रॉकेलच्या फडक्याने तेच पुसतात. मला हात लावू देत नाहीत.

आता मुद्द्याचं. आम्ही तिघं आयटीआयपासूनचे मित्र. एक मी. दुसरा सोनू, तो वेल्डर. त्याची दसऱ्याला सुपारी फुटली, माघात लग्न आहे, आणि चाकणला नोकरी लागल्यामुळे लग्नानंतर तो तिकडेच बिऱ्हाड करणार. तिसरा दाद्या. त्याने आयटीआय पूर्ण करून शेवटी घरचा धंदा धरला. गिरणाऱ्याच्या बाजूने टोमॅटो भरायचे आणि टेम्पो पंचवटीला बाजार समितीत लावायचा. वजन ९२ किलो, पण जिद्द आम्हा दोघांपेक्षा जास्त.

डिसेंबरमध्ये नाशिकहून २०० ची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची २०० किलोमीटरची सायकल राइड, निघणार आहे. तिघांनी नाव द्यायचं ठरवलं आहे. सोनू इथे आहे तोवर एक काहीतरी मोठं तिघांनी मिळून करायचं, एवढीच इच्छा आहे. गणपतीत ढोल तिघांनी एकत्र वाजवला, रंगपंचमीला शनी चौकाच्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, तिघांनी एकत्र उड्या मारल्या. पुढच्या वर्षी हे सगळं असंच राहील असं नाही, हे तिघांनाही माहीत आहे. कुणी बोलून दाखवत नाही.

सध्या शनिवारी, म्हणजे माझ्या सुट्टीच्या दिवशी, त्र्यंबक करतो. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर होतात. मला आणि सोनूला २२-२३ चा वेग सहज पडतो. दाद्या १७-१८ ने चालवतो, अंजनेरीच्या पुढे त्याहूनही कमी. मोहदरी घाट एकदा केला, त्यात तो उतरला नाही, पण वर आल्यावर बराच वेळ बोलला नाही.

माझे प्रश्न असे:

माझी शिफ्ट दर आठवड्याला फिरते. फर्स्ट ७ ते साडेतीन, सेकंड साडेतीन ते १२, थर्ड १२ ते ७. थर्डच्या आठवड्यात सराव कधी करायचा? सकाळी ७ ला सुटून तसंच सायकलवर जावं असं वाटतं, कारण एकदा झोपलो की दिवस गेला.

दुसरा प्रश्न महत्त्वाचा. २०० किलोमीटर आम्ही तिघांनी एकत्र राहावं का? कंपनीतला एक जण म्हणतो की बीआरएममध्ये ज्याने-त्याने आपापली चालवायची असते, हळू माणसाला धरून बसलात तर तिघांचाही वेळ संपेल. दाद्याला मागे टाकून मेडल घ्यायचं असेल तर मला ते मेडल नको आहे. पण माझ्या हट्टापायी सोनूचंही बुडायला नको.

आणि मम्मीला मुंबई हायवेच्या ट्रकची फार भीती वाटते. तिला काय सांगू?

---

इंदिरानगर_रँडो

मित्रा, पर्मनंट झाल्याबद्दल अभिनंदन. वडिलांना माझा नमस्कार सांग. पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे मी, बँकेत नोकरी करतो आणि याच नादात आहे, त्यामुळे सविस्तर लिहितो.

आधी बीआरएम काय आहे ते तिघांनी नीट समजून घ्या, म्हणजे निम्मी काळजी मिटेल. ही शर्यत नाही. यात पहिला-दुसरा नंबर नसतो. पॅरिसचा ऑडॅक्स क्लब पॅरिझियाँ, १९०४ सालचा, याचे नियम ठरवतो आणि जगभर तेच चालतात. २०० ला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७, ६०० ला ४०. नोव्हेंबर ते ऑक्टोबर या एका हंगामात हे चारही केले तर सुपर रँडोनर हा किताब. नऊ तासांत आलेला आणि तेरा तास वीस मिनिटांनी आलेला, दोघांची राइड सारखीच पूर्ण धरतात. मागे गाडी, मदतनीस, काही चालत नाही. पंक्चर आपलं, पाणी आपलं. बाहेरची मदत घ्यायची तर फक्त कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या ठरलेल्या तपासणीच्या थांब्यावर. पण सोबतच्या रायडरने एकमेकांना मदत करायला पूर्ण मुभा आहे, आणि तुझ्या प्रश्नात हेच महत्त्वाचं आहे.

आता दाद्याचा हिशोब मांडू. १८ च्या वेगाने २०० किलोमीटरला अकरा तास सात मिनिटं लागतात. म्हणजे थांबायला दोन तास वीस मिनिटांच्या वर उरतात. १७ पडला तरी पावणेबारा तास, थांबायला पावणेदोन तास. कागदावर दाद्या आरामात बसतो. पण वेग शेवटपर्यंत टिकत नाही. १४० च्या पुढे पाय जड होतात, ऊन लागलेलं असतं, खाणं नकोसं होतं, तेव्हा १७ चे १५ होतात. म्हणून त्याचा वेग वाढवण्याच्या मागे लागू नका, तुमचं थांबणं कमी करा. माझ्या पाहण्यात नवख्यांची वेळ पायडलवर जात नाही, हॉटेलात जाते. चहाला थांबले की फोटो, मग कुणाचा फोन, मग अजून एक चहा, पाऊण तास संपला. तिघांत एकाने घड्याळ सांभाळायचं. कंट्रोलवर वीस मिनिटं, मधल्या थांब्यावर आठ-दहा. बस.

कंट्रोलची बंद होण्याची वेळ ताशी १५ किलोमीटरने धरतात. म्हणजे १०० वरचा कंट्रोल सुटल्यापासून सहा तास चाळीस मिनिटांनी बंद होतो. तुम्ही तिथे सहा तासांच्या आत पोचलात तर निर्धास्त जेवा.

एकत्र राहावं का? माझं मत स्वच्छ आहे: राहा. पण कसं राहायचं ते शिका. सपाटीवर दाद्याला मध्ये किंवा शेवटी ठेवा, पुढे तुम्ही दोघं आलटून पालटून. वारा समोरून असेल तर पुढच्याच्या आडोशाने मागच्याची बरीच ताकद वाचते. तुझी आणि सोनूची ताकद दाद्याच्या उपयोगी पडते ती इथे. चढाला मात्र एकत्र राहण्याचा आग्रह धरू नका. प्रत्येकाने आपल्या लयीत चढावं आणि माथ्यावर थांबावं. दुसऱ्याच्या वेगाने घाट चढणं हळू माणसालाही त्रासाचं आणि जोरात जाणाऱ्यालाही. माथ्यावर थांबलात की दाद्या आला आला म्हणून लगेच निघू नका. तुम्ही पाच मिनिटं बसलेले असता, तो तेव्हाच पोचलेला असतो. त्यालाही त्याची पाच मिनिटं द्या.

आईला सांग की हेल्मेट, पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा आणि चमकणारं जॅकेट असल्याशिवाय सोडतच नाहीत. डिसेंबरात सहाच्या आसपास सूर्य मावळतो. सकाळी सहाला सुटलात तर मुदत साडेसातला संपते, म्हणजे शेवटचा तास-दीड तास तुम्ही अंधारात असणार हे धरूनच दिवे घ्या. आणि एकदा आईला सुटण्याच्या जागी घेऊन ये. तिथे साठी ओलांडलेली माणसं आणि मुलांच्या आया सायकल घेऊन उभ्या दिसतात. भीती तेवढ्याने जात नाही, पण कमी होते.

---

रात्रपाळी_सिस्टर

भाऊ, मी स्टाफ नर्स आहे, वर्षानुवर्षं नाइट करते आणि सायकल चालवते. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मीच द्यायला हवं असं वाटलं.

थर्ड सुटल्यावर सायकल घेऊन हायवेला जाऊ नकोस. हे कळकळीने सांगते. सकाळी सातला आपण जागे असतो असं आपल्याला वाटतं, पण मेंदू दोन-तीन सेकंद मिटतो आणि आपल्याला कळतही नाही. आयसीयूमधून सकाळी घरी निघालेल्या आमच्या मुलींना मी स्कूटरसुद्धा चालवू देत नाही, रिक्षा करा म्हणते. पाथर्डी फाट्यावर सकाळी सातला काय ट्रॅफिक असतं ते तुला माहीतच आहे. एका बाजूने कंपन्यांच्या बस, दुसरीकडे ट्रक.

थर्डच्या आठवड्यात असं कर. पहाटे तीननंतर चहा बंद. घरी आल्यावर थोडं खा, पोहे-उपमा काहीही, आणि खोलीत पूर्ण अंधार करून झोप. खिडकीला जाड चादर लाव, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव. मम्मीला सांग की दोनपर्यंत कुणालाही आत सोडू नको. अडीचला जेव, पाचला सायकल काढ. सोमेश्वर, गंगापूर गाव, दुगावच्या अलीकडून परत, दीड-दोन तासांचं हलकं फिरणं. त्या आठवड्यात एवढंच पुरे, घाट वगैरे नको. परत येऊन जेवून तासभर डोळा लागला तर शिफ्टही चांगली जाते.

फर्स्टचा आठवडा तुझा सोन्याचा. साडेतीनला सुटलास की साडेचार ते साडेसहा रोज मोकळे. खरा सराव तेव्हा. सेकंडला रात्री एकला झोपून आठला उठ आणि नऊ ते अकरा कर. ऊन लागेल, पण बीआरएममध्येही दुपारचं ऊन लागणारच आहे, त्याची सवय होते.

दुसरं म्हणजे, शिफ्ट तीन आठवड्यांनी फिरून येते ना? मग बीआरएमच्या तारखेच्या आठवड्यात तुझी कुठली येते हे आजच कॅलेंडरवर मोज. थर्ड येत असेल तर सुपरवायझरला आत्ताच सांग आणि कुणाशी तरी आठवडा बदलून घे. आदल्या दिवशी सांगितलं तर कुणी बदलत नाही, महिनाभर आधी सांगितलं तर बदलतात. आदल्या रात्री उत्साहाने झोप येत नाही, त्यामुळे त्याच्या आधीच्या दोन रात्री नीट झोप. खरी शिदोरी ती. दाद्याचंही तेच बघ. टोमॅटोच्या सीझनला बाजार समितीवाले कधी झोपतात देव जाणे. त्याच्या घरच्यांशी तू स्वतः बोल, त्या दोन दिवसांचा टेम्पो कुणी दुसरं चालवेल का म्हणून.

---

गंगापूररोड_ड्रॉपबार

माझं मत काकांपेक्षा वेगळं आहे, राग मानू नये.

मी जिल्हा पातळीवर रेस करतो. मित्रासाठी हळू चालवणं ऐकायला छान वाटतं, पण २०० किलोमीटर आपल्या लयीपेक्षा खूप हळू चालवलं की सीटवर बसून राहण्याचा वेळ वाढतो. खांदे, मनगटं, पार्श्वभाग, सगळं दुखायला लागतं. आणि जो मागे आहे त्याच्यावर दडपण येतं की माझ्यामुळे दोघं अडकलेत. असं दडपण आलेला माणूस खाणं टाळतो, लघवीला थांबणं टाळतो, दम लागला तरी बोलत नाही. तू लिहिलं आहेस ना, मोहदरी चढून आल्यावर दाद्या बराच वेळ बोलला नाही. त्याच्या मनात काय चाललं होतं ते आधी त्याला विचार.

माझा सल्ला: कंट्रोलवर भेटायचं, मधलं अंतर आपापलं. किंवा आधीच ठरवा की अमुक वेळेच्या पुढे गेलो तर दोघं निघणार. रस्त्यात ऊन डोक्यावर असताना असले निर्णय घेऊ नयेत, भांडणं होतात.

---

इंदिरानगर_रँडो

राग कशाला मानू, दाद्याशी बोलण्याचा मुद्दा तू फार नेमका काढलास. तो मीच लिहायला हवा होता. फक्त एवढंच म्हणेन की तू म्हणतोस तो त्रास वेगात मोठी तफावत असेल तेव्हा होतो, ३० वाला १७ वाल्याबरोबर गेला तर. इथे २२ आणि १८ आहे. आणि पहिल्या २०० ला २२ वाल्यांचाही दुपारनंतर १९ होतो. संध्याकाळी हे तिघं आपोआपच एका वेगाने चालवत असतील.

---

देवळाली_रिम

सायकल दुरुस्तीचं काम करतो, नाशिकरोडला. वेगाचं तुम्ही बघा, मी सायकलीचं सांगतो.

३२ चे टायर चांगले, बदलू नको. कुणी सांगेल २५ टाक, हलकं चालतं. आपल्याकडच्या रस्त्याला ३२ च पाहिजे, आणि सिंहस्थाच्या कामांमुळे कुठे रस्ता उकरलेला असेल सांगता येत नाही. हवा तुझ्या वजनाला ७० पीएसआयच्या आसपास ठेव. दाद्याला मागच्या चाकात जास्त लागेल, ८० च्या पुढेमागे, पण टायरच्या बाजूला कमाल आकडा छापलेला असतो त्याच्या वर जायचं नाही. व्हॉल्व्ह बघून घे. जाड असला, मोटारसायकलसारखा, तर पेट्रोल पंपावर हवा भरता येते. बारीक असला तर ती नळी बसत नाही, स्वतःचा पंप लागतोच. ऐनवेळी हायवेवर हे कळून उपयोग नाही.

मुंबई हायवेच्या कडेने चालवताना पंक्चर होतात त्या खिळ्याने कमी आणि तारेने जास्त. ट्रकचे टायर फुटतात ना, त्यातली बारीक तार कडेला पडून राहते. केसासारखी असते. डोळ्याला दिसत नाही, ट्यूब बदलली तरी टायरमध्ये तशीच राहते आणि दहा किलोमीटरवर परत पंक्चर. म्हणून ट्यूब बदलताना टायरच्या आतून बोट अगदी हळू फिरवा, टोचलं की चिमट्याने काढा. भुवयांचा चिमटा घरात असतोच, तो किटमध्ये टाका. प्रत्येकाकडे दोन ट्यूब, तिघांत एक पंप असला तरी चालेल कारण एकत्र आहात. बघा, एकत्र जायचा हा पण फायदा.

दाद्याचं मागचं चाक माझ्याकडे किंवा कुणाकडेही ट्रू, म्हणजे तारा आवळून सरळ, करून घ्या. ९० च्या वर वजन असलं की नव्या सायकलच्या तारा पहिल्या काही महिन्यांत ढिल्या पडतात. एक तार तुटली की चाक डोलतं, ब्रेकला घासतं, आणि माणसाला वाटतं की आपला दम संपला. तो अंजनेरीच्या पुढे हळू होतो म्हणतोस, आधी त्याचं चाक उचलून फिरवून बघ घासतंय का.

सीटची उंची: टाच पायडलवर ठेव, पायडल एकदम खाली, पाय सरळ व्हायला पाहिजे. तिघांचं बघ. बहुतेक जण सीट खाली ठेवतात आणि मग गुडघे दुखतात. शेवटच्या आठवड्यात नवीन काहीही बसवू नका, नवी सीट नको, नवे बूट नको, नवी चड्डीही नको.

वडील चेन रॉकेलने पुसतात ते ठीक, पण पुसल्यावर कोरडी करून तेलाचा एकेक थेंब प्रत्येक कडीवर द्यायला सांग. आणि वरचं जास्तीचं तेल परत पुसून टाकायचं. त्यांना माहीत असणारच, फिटर आहेत.

---

सिडकोवाला_व्हीएमसी

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, ताई, भाऊ, तुम्ही एवढा वेळ काढून लिहिलंत, तिघांनी त्रिमूर्ती चौकात चहा घेताना एकेक ओळ वाचली.

ताई, कॅलेंडर मोजलं. त्या आठवड्यात माझी सेकंड येते, म्हणजे शुक्रवारी रात्री १२ ला सुटणार आणि शनिवारी सकाळी बीआरएम. सुपरवायझरशी बोललो. एका सहकाऱ्याने आठवडा बदलून द्यायचं कबूल केलं, त्याच्या गावच्या जत्रेला मी त्याच्या जागी उभा राहणार. थर्ड सुटल्यावर सायकल काढणार नाही, मम्मीसमोर शब्द दिला. अंधारासाठी तिने जुनी सतरंजी खिडकीला बांधली आहे.

देवळालीवाले भाऊ, दाद्याचं चाक उचलून फिरवलं. घासत होतं. दोन तारा हाताने हलत होत्या. ट्रू करून घेतल्यावर शनिवारी त्र्यंबकला गेलो तर बेझे फाट्याच्या पुढे त्याला जो नेहमी दम लागायचा तो लागला नाही. वेग फार वाढला नाही, पण गडी हसत होता, गप्पा मारत होता. त्याला इतके दिवस वाटत होतं की त्याचं शरीरच कमी पडतंय.

गंगापूररोडवाल्या भावाने सांगितलं तसं दाद्याला विचारलं. मोहदरीच्या दिवशी तू गप्प का होतास म्हणून. तो आधी टाळत होता. मग म्हणाला, तुम्ही दोघं वर उभे दिसलात, हसत होतात, मला वाटलं माझ्यावरच हसताय. आम्ही हसत होतो ते सोनूच्या होणाऱ्या बायकोचा फोन आला होता म्हणून. हे त्याला सांगितलं. सोनूने फोन काढून त्या दिवसाची कॉलची वेळच दाखवली त्याला.

मग नियम ठरवले. दाद्याचं म्हणणं होतं की १०० ला सहा तासांच्या वर लागले तर तुम्ही दोघं निघा, मी माझा येतो. माझी त्याला तयारी नव्हती. सोनू बराच वेळ ऐकत होता. तो म्हणाला, माझं लग्न आहे, मी पुढच्या वर्षी चाकणला असेन, तिकडून एकट्याने बीआरएम करायला मला आयुष्य पडलंय. ही मी तुमच्याबरोबर करतोय. वेळ संपली तर तिघांची संपेल. त्यावर दाद्या काही बोलला नाही, त्याने चहाचे पैसे दिले.

तर आमचं ठरलं. घाट आपापला, माथ्यावर थांबायचं आणि दाद्याला त्याची पाच मिनिटं द्यायची. बाकी सगळं एकत्र. घड्याळ सोनूकडे, कारण मी चहाला बसलो की उठत नाही असं दोघांचं म्हणणं आहे. त्याआधी एकदा घोटी जाऊन-येऊन आणि एकदा वणी करायचा विचार आहे. वणी जाऊन-येऊन ऐंशीच्या वर जाईल, दिंडोरीचा चढउतारही होईल.

शेवटचे दोन प्रश्न. खायला काय न्यायचं? आणि ब्रेव्हे कार्ड म्हणतात ते हरवलं तर काय होतं?

पप्पांचं एक सांगायचं राहिलं. तेलाचा एकेक थेंब कडीवर हे मी त्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, बरोबर आहे, माणूस कामाचा दिसतो. आणि काल विचारत होते, साठी ओलांडलेली माणसं असतात म्हणे तिथे? मी हो म्हणालो. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, पण २४ इंची गॅलरीतून खाली काढली आहे.

---

इंदिरानगर_रँडो

वडिलांना म्हणावं, सुटण्याच्या जागी सकाळी साडेपाचला या, मी भेटतो. पहिल्यांदा त्यांनी गंगापूर धरणापर्यंत यावं, २०० चं नंतर बघू. आणि २४ इंचीवर स्प्रिंगची साधी सीट असेल तर ती बदलू नका, तीच चांगली.

खाणं: भूक लागायच्या आधी खायचं, तहान लागायच्या आधी प्यायचं. तासाला साधारण अर्धा लिटर पाणी, दर दुसऱ्या बाटलीत ओआरएस. खिशात राजगिऱ्याची चिक्की, खजूर, शेंगदाण्याचा लाडू. केळी रस्त्यात मिळतात. कंट्रोलवर वरणभात किंवा दहीभात मिळाला तर उत्तम. नाशिकचे आहात म्हणून सांगतो, मध्ये मिसळीला बसू नका. काळा रस्सा पोटात घेऊन दुपारच्या उन्हात ८० किलोमीटर बाकी असले की फार हाल होतात. मिसळ रविवारी सकाळी, तिघांनी मिळून खा.

वेळेचा आणि मार्गाचा पुरावा म्हणजे ते कार्ड. हरवलं तर तुमची राइड झाली हे सिद्ध करणं कठीण होतं, म्हणून ते सांभाळा. कंट्रोलवर सही-शिक्का नसेल तिथे दुकानाचं बिल किंवा एटीएमची पावती चालते, त्यावर वेळ छापलेली असली पाहिजे. ती लगेच कार्डाला जोडून ठेवा. तिघांची कार्डं एकाच्या पिशवीत ठेवू नका, प्रत्येकाने आपलं आपल्याकडे. दुधाच्या पिशवीत घालून तोंडाला रबर लावा आणि जर्सीच्या मधल्या खिशात ठेवा. बाजूच्या खिशातून केळ काढताना पडतं. कार्डावर नाव-पत्ता बॉलपेननेच लिहा, शाईपेन घामाने पसरतं.